कोणती फाइल कुणाच्या नावावर

नोव्हेंबर २०२१ मध्ये यूट्यूबवर आलेल्या एका व्हिडिओने लिनक्सवाल्यांची चांगलीच पंचाईत केली. कॅनडातल्या ‘लिनस टेक टिप्स’ या तुफान चालणाऱ्या वाहिनीचा लिनस सेबास्टियन (लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स, तो हा नव्हे) विंडोज सोडून रोज लिनक्सवर राहता येतं का, हे करून पाहत होता. त्याने पॉप ओएस ही लिनक्सची आवृत्ती निवडली आणि संगणकावरचे खेळ विकणारं ‘स्टीम’ बसवायला घेतलं. सॉफ्टवेअरच्या चित्रमय दुकानातून ते बसेना. मग त्याने टर्मिनलची काळी खिडकी उघडली आणि तीच गोष्ट लेखी आज्ञेने मागितली. संगणकाने लांबलचक यादी दाखवली. खाली इशारा होता: अत्यावश्यक पॅकेजेस काढून टाकली जाणार आहेत, आपण काय करतो आहोत हे नेमकं ठाऊक नसेल तर पुढे जाऊ नका. जायचंच असेल तर ‘येस, डू ॲज आय से!’ हे अख्खं वाक्य टाइप करा. त्याने ते टाइप केलं आणि डेस्कटॉपच गेला. खिडक्या, आयकॉन, माउसचा बाण, काही उरलं नाही. काळ्या पडद्यावर फक्त अक्षरं.

लगेच दोन तट पडले. एक म्हणे, एवढा ठळक इशारा वाचता येत नाही तर दोष कुणाचा? दुसरा म्हणे, माणसाने खेळ मागितला आणि तुम्ही त्याचा पडदा काढून घेतलात, ही कुठली रीत? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण खरी मजेची गोष्ट तिसरीच. प्रोग्रॅम बसवण्या-काढण्याचं काम करणारा पॅकेज मॅनेजर चुकला नव्हता. स्टीमला जुन्या ३२ बिटी धाटणीच्या काही लायब्ररी लागतात. त्या दिवशी पॉप ओएसच्या भांडारात, म्हणजे पॅकेजेस जिथून उतरवून घेतात त्या साठ्यात, ३२ बिटी आणि ६४ बिटी पॅकेजांच्या आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. स्टीम बसवायचं तर डेस्कटॉपची पॅकेजेस काढावी लागतील, एवढाच मार्ग हिशेबात शिल्लक होता. ‘स्टीम हवं’ हे माणसाने स्पष्ट सांगितलं होतं. ‘डेस्कटॉप असू दे’ हे कुणी सांगितलंच नव्हतं, ते गृहीत होतं. पुढे ॲप्ट या साधनाच्या कर्त्यांनी ही फट बुजवली: मार्ग शोधताना अत्यावश्यक पॅकेज काढण्याचा पर्याय ते आता स्वतःहून विचारातच घेत नाही. तरी मूळ प्रश्न राहतोच. हा हिशेब असतो तरी कसला?

विंडोजवर प्रोग्रॅम बसवायची सवय असलेल्याला सेटअपची फाइल ठाऊक असते. ती स्वतःच एक प्रोग्रॅम असते. डबल क्लिक केलं की ती चालते आणि कुठे काय ठेवायचं ते तीच ठरवते. जाताना सगळं आवरून नेणं हेही तिच्याच सज्जनपणावर अवलंबून. डेबियन, उबुंटू, मिंट यांच्यावरची ‘डेब’ फाइल तशी नसते. ते एक साधं गाठोडं असतं आणि सोडून पाहिलं तर आत तीनच गोष्टी निघतात. एक इवलीशी फाइल, तिच्यात फक्त गाठोड्याच्या रचनेचा आवृत्ती क्रमांक. दुसऱ्या पुडक्यात पॅकेजची माहिती: नाव, आवृत्ती, सांभाळणाऱ्याचा पत्ता, आणि याला आणखी काय काय लागतं त्याची यादी. तिसऱ्यात प्रत्यक्ष फाइली, त्या कुठल्या फोल्डरात जायच्या त्या रचनेसकट. गाठोडं स्वतः काही करत नाही. ते उलगडतो डीपीकेजी नावाचा प्रोग्रॅम, जो आधीपासून तुमच्या संगणकावर असतो. बसवण्याच्या आधी-नंतर आणि काढण्याच्या आधी-नंतर चालवायच्या छोट्या स्क्रिप्ट मात्र गाठोड्यात असू शकतात आणि त्या रूटच्या, म्हणजे सर्वाधिकाराच्या, जोरावर चालतात. हे लक्षात असू द्या, पुढे लागेल.

नवख्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘बसवलं खरं, पण ते गेलं कुठे?’ उत्तर ऐकून तो आणखी गोंधळतो, कारण प्रोग्रॅम एका जागी जात नाहीच. चालवायची फाइल एका फोल्डरात, लायब्ररी दुसऱ्यात, आयकॉन, भाषांतरं आणि मदतीची पानं तिसऱ्यात, सेटिंग ‘ईटीसी’मध्ये. हजारो प्रोग्रॅमच्या फाइली अशा शेजारी शेजारी नांदतात. गोंधळ होत नाही, कारण डीपीकेजी तलाठ्यासारखं दफ्तर ठेवतो. कोणती फाइल कुठल्या पॅकेजच्या नावावर, याचा सातबारा त्याच्याकडे असतो. एखाद्या फाइलवर बोट ठेवून मालक विचारा, तो सांगतो. एखाद्या पॅकेजचं नाव घेऊन त्याची मालमत्ता विचारा, तीही सांगतो. नव्या पॅकेजने दुसऱ्याच्या नावावरची फाइल आपली म्हणून आणली, तर तो काम थांबवतो आणि खऱ्या मालकाचं नाव घेऊन सांगतो. पॅकेज काढायचं म्हटलं की नावावरच्या फाइली तेवढ्या उचलतो, शेजाऱ्याला धक्का न लावता.

या दफ्तराला न सांगता केलेलं काम ही लिनक्सच्या डेस्कटॉपवरच्या निम्म्या दुखण्यांची मुळी आहे, असं माझं मत आहे. पायथॉन शिकणारे विद्यार्थी पूर्वी सर्रास ‘सुडो पिप इन्स्टॉल’ करत. पिप हा पायथॉनचा स्वतंत्र इन्स्टॉलर. त्याला सर्वाधिकार दिले की तो व्यवस्थेच्या पायथॉन लायब्ररींच्या शेजारी किंवा त्यांच्या आड आपल्या नव्या आवृत्त्या ठेवी आणि डीपीकेजीला पत्ताच नसे. मग कधीतरी अपडेट आलं की एखादा भलताच प्रोग्रॅम सुरू व्हायचा बंद. डेबियन १२ पासून पिप अशा ठिकाणी स्पष्ट नकार देतो आणि वेगळं आभासी वातावरण तयार करायला सांगतो. नव्याने शिकणारे या नकारावर वैतागतात, तो टाळायची पळवाट शोधतात आणि ती इंटरनेटवर मिळतेही. पळवाटेच्या त्या पर्यायाच्या नावातच ‘व्यवस्था मोडा’ असं लिहिलेलं आहे. कर्त्यांचा विनोद म्हणा, नाहीतर प्रामाणिकपणा.

आता डिपेंडन्सी. एका प्रोग्रॅमला दुसऱ्याचा आधार लागतो, तो आधार म्हणजे डिपेंडन्सी. चित्र उघडणारे दहा प्रोग्रॅम असतील तर जेपेग उलगडण्याचा कोड दहा वेळा कशाला ठेवायचा? एकच लायब्ररी ठेवा, दहाही जण ती वापरतील. डिस्क महाग होती त्या काळात ही काटकसर होती. आज तिचं खरं मोल सुरक्षेत आहे. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतला ‘हार्टब्लीड’ दोष उघड झाला. जगभरातल्या सर्व्हरांच्या मेमरीतून गुपितं वाचता येतील इतका गंभीर. लिनक्सवर ती एक लायब्ररी बदलली आणि तिच्यावर चालणाऱ्या सेवा पुन्हा सुरू केल्या की त्या सगळ्यांतलं भोक एकदम बुजलं. प्रत्येक प्रोग्रॅम स्वतःची प्रत पोटात घेऊन बसला असता, तर एकेकाच्या दारात जाऊन दुरुस्ती करावी लागली असती.

या सोयीची किंमत नव्वदच्या दशकात लोकांनी पुरेपूर मोजली. १९९३ ची स्लॅकवेअर अजूनही तिच्या कर्त्याच्या, पॅट्रिक फोल्करडिंगच्या, हट्टाने डिपेंडन्सी तपासत नाही. काय लागतं ते तुम्ही बघा, असा तिचा बाणा. रेड हॅटने १९९५ मध्ये आरपीएम आणलं. त्यात पॅकेजला काय लागतं ते लिहिलेलं असे आणि ते नसेल तर आरपीएम बसवायला नकार देई. नकार देई, पण आणून देत नसे. आपल्याकडे तेव्हा ‘पीसीक्वेस्ट’ मासिकासोबत आलेली लिनक्सची सीडी आणि टेलिफोनच्या तारेवरचं कूर्मगती इंटरनेट, एवढीच सामग्री. एक प्रोग्रॅम बसवायचा तर अमुक लायब्ररी हवी. ती कुठूनतरी उतरवून घ्यावी, तर तिला आणखी दोन हव्यात. त्या मिळाल्या तर त्यातली एक आधीच बसलेल्या प्रोग्रॅमशी भांडणार. टेलिफोनच्या बिलावर चालणारी ही शोधाशोध लोकांना इतकी सतावे, की तिला ‘आरपीएम हेल’ हेच नाव पडलं.

सुटका दोन बाजूंनी झाली. डेबियनच्या मंडळींनी ॲप्ट लिहिलं आणि मार्च १९९९ च्या २.१ आवृत्तीबरोबर ते लोकांच्या हाती पडलं. डीपीकेजी हातात दिलेलं गाठोडं उलगडतो. ॲप्ट त्याच्या वर बसतं, भांडाराची यादी ओळखतं, काय काय लागेल त्याचा हिशेब करतं, सगळं उतरवून घेतं आणि योग्य क्रमाने डीपीकेजीच्या हाती देतं. दुसरीकडे रेड हॅटच्या जगात यम आलं. त्याचं बी ‘यलो डॉग’ नावाच्या, ॲपलच्या पॉवरपीसी संगणकांसाठीच्या लिनक्समध्ये होतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागातल्या सेठ विडाल आणि सहकाऱ्यांनी ते नव्याने लिहिलं, कारण त्यांना स्वतःच्या विभागातले संगणक सांभाळायचे होते. २०१५ च्या फेडोरा २२ पासून यमची जागा डीएनएफने घेतली. ॲप्ट माउसने चालवू देणारं सिनॅप्टिक तर ब्राझीलच्या कोनेक्टिवा कंपनीत जन्मलं. जुलै २००८ मध्ये ॲपलचं ॲप स्टोअर ५०० ॲपांनिशी उघडलं, तेव्हा एका जागी नाव शोधून प्रोग्रॅम बसवणं ही क्रांती असल्याचा गाजावाजा झाला. त्या वेळी डेबियनच्या भांडारात १८ हजारांवर पॅकेजेस होती आणि लोक नऊ वर्षं तेच करत होते. आज, ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ मध्ये, तो आकडा ७० हजारांच्या घरात आहे.

भांडार एवढं वाढलं की हिशेबही अवघड होतो. ‘क’ला ‘ख’ची दुसरी किंवा त्यापुढची आवृत्ती हवी, ‘ग’ला ‘ख’ची पहिलीच चालते, ‘घ’ आणि ‘च’ एकत्र नांदत नाहीत, आणि ‘छ’ला ‘घ’ किंवा ‘च’ यांपैकी कुणीही चालेल. अशा अटींच्या हजारो ओळींतून सगळ्यांना पटेल असा एक संच काढायचा. हा प्रश्न संगणकशास्त्रात ‘एनपी-कम्प्लीट’ म्हणतात त्या कुळातला आहे, हे युरोपातल्या ईडॉस प्रकल्पातल्या संशोधकांनी दाखवून दिलं. म्हणजे कुठल्याही परिस्थितीत झटपट उत्तर देईल असा रस्ता कुणाला सापडलेला नाही. व्यवहारात मात्र तर्कशास्त्रातली कोडी सोडवणारे सॉल्व्हर कामी येतात. ओपनसुसेने २००८ मध्ये तसा सॉल्व्हर वापरात आणला, डीएनएफही त्याच घराण्यातला वापरतो, आणि ॲप्टने ३.० आवृत्तीत नव्या पद्धतीचा सॉल्व्हर घेतला. कोडं सुटत नाही तेव्हा ‘का सुटत नाही’ हे माणसाला कळेल अशा भाषेत सांगणं हे अजून या सगळ्यांचं कच्चं अंग आहे.

रोजच्या वापरात दोन आज्ञांची गल्लत होते. ‘ॲप्ट अपडेट’ काहीच बसवत नाही. भांडारात आज काय काय आहे याची ताजी यादी तेवढी ते आणतं. बसवतं ते ‘ॲप्ट अपग्रेड’. यादी शिळी ठेवून नवं पॅकेज मागितलं की फाइल सापडत नाही अशी तक्रार येते, कारण भांडाराने ती आवृत्ती कधीच मागे टाकलेली असते. आर्च लिनक्सच्या पॅकमनमध्ये चूक उलट्या दिशेची: यादी ताजी केली आणि सगळी व्यवस्था अपग्रेड न करता एकच पॅकेज नवं घेतलं, तर नवा प्रोग्रॅम आणि जुन्या लायब्ररी अशी विजोड जोडी जमते. आर्चवाले म्हणूनच अर्धवट अपग्रेडला आधार देत नाहीत. काढण्यातही फरक आहे. ‘रिमूव्ह’ने प्रोग्रॅम जातो, ‘ईटीसी’तली सेटिंग मागे राहतात. ‘पर्ज’ने तीही जातात. तुमच्या होम फोल्डरातली सेटिंग मात्र दोन्हींत तशीच राहतात, कारण ती पॅकेजची नसून तुमची आहेत. (कंटाळा आला तर ‘ॲप्ट मू’ असं टाइप करून पाहा. एक गाय भेटेल. तिचा पॅकेजांशी काही संबंध नाही.)

या सगळ्यांहून महत्त्वाची सवय एकच सांगायची, तर ‘वाय’ दाबण्यापूर्वी यादी वाचण्याची. सबंध वाचू नका, कुणी वाचत नाही. ‘काढली जातील’ या मथळ्याखालचा भाग वाचा. एक प्रोग्रॅम बसवताना तिथे काही दिसलं, तर थांबा आणि का ते शोधा. तिथे आपल्या डेस्कटॉपचं नाव दिसलं, तर ‘एन’ दाबा, चहा घ्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करा. भांडारातल्या आवृत्त्यांचा मेळ तोवर बहुधा बसलेला असतो.

इथे एक बारीक गोष्ट. ‘उबुंटू-डेस्कटॉप’ यासारखं नाव काढायच्या यादीत दिसलं की लोक घाबरतात. पण ते मेटापॅकेज असतं. त्यात प्रत्यक्ष प्रोग्रॅम नसतो, फक्त ‘मला हे हे हवं’ अशी यादी असते. त्या यादीतला एखादा सक्तीचा प्रोग्रॅम काढला की यादी खोटी ठरते, म्हणून मेटापॅकेजही जातं. एवढ्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते नंतर. जी पॅकेजेस त्याच्या सांगण्यावरून आली होती त्यांना आता कुणी वाली उरत नाही, आणि पुढचं ‘ऑटोरिमूव्ह’ त्यांना निरुपयोगी समजून उचलायला निघू शकतं. म्हणून ऑटोरिमूव्हची यादीही त्याच नजरेने वाचावी. हवं ते पॅकेज ‘आपण मागून घेतलेलं’ अशी खूण करून वाचवता येतं.

पॅकेजची स्क्रिप्ट सर्वाधिकाराने चालते, हे वर सांगितलं. मग ते पॅकेज खरोखर डेबियनकडूनच आलं हे कशावरून? भांडाराच्या सूचीवर डिजिटल सही असते. त्या सूचीत प्रत्येक पॅकेजच्या फाइलचा हॅश, म्हणजे गणिती ठसा, असतो. सही तुमच्या संगणकावरच्या किल्लीशी पडताळली जाते, ठसा उतरवलेल्या फाइलशी. त्यामुळे पॅकेज कानपूरच्या आयआयटीतल्या आरशावरून, म्हणजे भांडाराची हुबेहूब प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरवरून, घेतलं काय किंवा जर्मनीतल्या, मधल्या कुणी एक बिट बदलला तरी ॲप्ट ते नाकारतं. सही हे सांगते की माल मधे बदललेला नाही. माल चांगला आहे, हे मात्र ती सांगू शकत नाही.

त्याचे दोन धडे इतिहासात आहेत, आणि दोन्ही पॅकेज सांभाळणाऱ्या मेंटेनरांच्या कामाशी जोडलेले आहेत. भांडारातलं प्रत्येक पॅकेज कुणीतरी मेंटेनर सांभाळतो. मूळ लेखकाचा कोड घ्यायचा, व्यवस्थेत बसेल असा जुळवायचा, दोष दुरुस्त करायचे, हे त्याचं काम. डेबियनमध्ये हे बहुतेक स्वयंसेवक करतात. २००६ मध्ये त्यांच्यापैकी एकाने ओपनएसएसएलमधल्या, तपासणीच्या साधनाला खटकणाऱ्या ओळी निष्क्रिय केल्या. त्या ओळींतून यादृच्छिकता येत होती. परिणाम असा, की डेबियन आणि उबुंटूवर तयार होणाऱ्या किल्ल्यांत एका प्रकारासाठी अवघ्या ३२,७६८ शक्यता उरल्या. साध्या संगणकाने सगळ्या तपासून पाहाव्यात इतक्या कमी. लुसियानो बेल्लो या डेबियनच्याच विकसकाने हे शोधलं आणि १३ मे २००८ ला जाहीर झालं, तेव्हा मधल्या काळातल्या असंख्य किल्ल्या फेकून नव्या कराव्या लागल्या.

दुसरा धडा मार्च २०२४ चा. एक्सझेड ही फाइली आवळण्याची छोटी लायब्ररी. तिच्या थकलेल्या एकट्या कर्त्याचा विश्वास ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं खपून मिळवला आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवला. निशाणा होता दुरून संगणकात शिरण्याच्या एसएसएचवर. गंमत म्हणजे एसएसएचला एक्सझेड लागतच नाही. डेबियन आणि फेडोरा यांनी आपल्या सोयीसाठी एसएसएचला सिस्टमडी या सेवा सुरू-बंद करणाऱ्या व्यवस्थेची एक लायब्ररी जोडली होती, आणि तिच्या पाठोपाठ एक्सझेड आत येत होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या, पोस्टग्रेस डेटाबेसच्या विकसकाला, आंद्रेस फ्रॉइंडला, एसएसएचने आत शिरायला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं. तो खणत गेला आणि २९ मार्चला त्याने सगळं उघड केलं. तोवर दूषित आवृत्ती डेबियनच्या चाचणी शाखेत, फेडोराच्या विकासाधीन शाखेत आणि आर्चमध्ये पोचली होती. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत ती पोचली नव्हती. ‘डेबियन स्टेबलमध्ये सगळं शिळं मिळतं’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. शिळेपणा सरसकट वाईट नसतो. दोष बाहेर यायला वेळ लागतो आणि तो वेळ कुणीतरी आधी सोसलेला असतो.

आता नव्या पद्धती. शिळेपणाला कंटाळलेल्यांसाठी आणि प्रत्येक लिनक्ससाठी वेगळं गाठोडं बांधायला कंटाळलेल्या कर्त्यांसाठी फ्लॅटपॅक, स्नॅप आणि ॲपइमेज आहेत. तपशिलात ते खूप वेगळे, पण गाभा एक: प्रोग्रॅमने आपला बहुतेक शिधा बरोबर आणायचा, व्यवस्थेच्या लायब्ररींवर विसंबायचं नाही. स्नॅप उबुंटूच्या कॅनॉनिकल कंपनीचं. फ्लॅटपॅक आधी ‘एक्सडीजी-ॲप’ या नावाने अलेक्झांडर लार्सनने सुरू केलं आणि २०१६ मध्ये त्याला आजचं नाव मिळालं. दोघेही प्रोग्रॅमला कुंपणात ठेवू पाहतात, म्हणजे त्याने परवानगीशिवाय तुमच्या फाइलींना हात लावू नये. पण अनेक फ्लॅटपॅक अख्ख्या होम फोल्डरची परवानगी मागून बसतात, तेव्हा कुंपणाला अर्थ राहत नाही. परवानग्या पाहण्या-बदलण्यासाठी फ्लॅटसील नावाचं छोटं साधन आहे. ते जरूर वापरा.

स्नॅपवरून झालेला वाद तांत्रिक कमी, मालकीचा जास्त आहे. फ्लॅटपॅकची भांडारं कुणीही उभारू शकतो. स्नॅपचं दुकान मात्र एकट्या कॅनॉनिकलच्या हाती आहे. उबुंटू २२.०४ मध्ये ॲप्टने फायरफॉक्स मागितला तरी हातात स्नॅपच पडतो. मिंटने २०२० मध्येच स्नॅपला दार बंद केलं. दुकान एकाच्या हाती असण्याने सुरक्षा वाढते म्हणावं, तर मे २०१८ मध्ये ‘२०४८बुंटू’ हा निरुपद्रवी दिसणारा खेळ लोकांच्या संगणकावर गुपचूप क्रिप्टोचलन खणताना सापडला. तो त्याच दुकानातला. इथे मेंटेनर मधे नसतो, कर्ता थेट माल ठेवतो. मेंटेनरांच्या कामातून घोळ झाल्याच्या दोन गोष्टी वर सांगितल्या. पण तो मधे नसण्याची किंमतही अशी आहे.

माझा कौल असा. व्यवस्थेचा पाया, ड्रायव्हर, फॉन्ट, छपाई, टर्मिनलची साधनं हे सगळं आपल्या लिनक्सच्या भांडारातूनच घ्यावं. व्हिडिओ संपादन किंवा चित्रकलेसारखे मोठे, भराभर बदलणारे प्रोग्रॅम फ्लॅटपॅकने घ्यायला हरकत नाही. डिस्क जास्त जाईल, पण पाया हलणार नाही. तिऱ्हाइताचं भांडार जोडताना, मग ते उबुंटूचं पीपीए का असेना, आपण त्या माणसाला संगणकाचे सर्वाधिकार देतो आहोत हे समजून जोडावं. कुठल्याशा पानावरची एक ओळ नकलून थेट सुडोने चालवण्याचा मोह तर टाळावाच.

मराठीत काम करणाऱ्याला भांडारातून बरंच काही मिळतं आणि ते बहुतेकांना माहीत नसतं. लोहित देवनागरी फॉन्टचं पॅकेज आहे, गार्गी आहे, आणि नकुल व सहदेव हे भाऊ शेजारी शेजारी आहेत. आयबसचं एम१७एन पॅकेज घेतलं की इनस्क्रिप्टसह मराठीचे कळफलक येतात. हनस्पेलचं मराठी पॅकेज लिबरऑफिसला शुद्धलेखन तपासायला शब्दसंग्रह देतं, आणि लिबरऑफिसचा मराठी मेनूही वेगळ्या पॅकेजमध्ये आहे. शब्दसंग्रहात तुमच्या रोजच्या वापरातले कितीतरी शब्द सापडणार नाहीत. वैताग येईल. त्याची दुरुस्ती भांडाराच्या वाटेनेच होते: दोष नोंदवायचा, मेंटेनरशी दोन पत्रं करायची, आणि सुधारलेली आवृत्ती सगळ्यांना मिळते.

डेबियनमध्ये प्रत्येक पॅकेजचं दोन-चार ओळींचं वर्णन असतं आणि ही वर्णनं निरनिराळ्या भाषांत आणण्यासाठी वेगळा प्रकल्प चालतो. त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावं लागत नाही. तांत्रिक इंग्रजी परिच्छेद नीट समजून तो स्वच्छ मराठीत लिहिता आला की पुरे. हे प्रकरण इथवर वाचलेल्या वाचकाला ते जमेल. सुरुवात फॉन्टच्या पॅकेजेसपासून करा, त्यांची वर्णनं बहुधा छोटी असतात.